दर महिन्याला येणारी गाठ : पाळीची तारीख कुणी विचारलीच नाही, त्याचं प्रकरण

मी गेली बरीच वर्षं एका सर्जन मॅडमच्या ओपीडीत सिस्टर म्हणून काम करते. हे प्रकरण माझ्या माहेरच्या आळीतल्या एका मुलीचं आहे, तिला विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. नाव देत नाही, नुसतं 'ती' म्हणते. यात माझीही एक चूक आहे, तीही लपवत नाही.

पार्श्वभूमी

वय 36, सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, पतसंस्थेत क्लार्क. दोन मुलं, धाकटं सात वर्षांचं, म्हणजे दूध पाजणं सुटून बरीच वर्षं झालेली. तांबी बसवलेली, हार्मोनची कुठलीच गोळी चालू नाही. पाळी 27-29 दिवसांनी, अगदी नियमित. मौशीला वयाच्या साठीनंतर स्तनाचा कॅन्सर झाला आणि त्यातच ती गेली, ते घरात सगळ्यांनी जवळून बघितलेलं, त्यामुळं 'गाठ' हा शब्द त्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही.

तीन-चार महिन्यांपासून पाळीच्या आधी दहा-अकरा दिवस तिची छाती जड व्हायची. ठणका लागायचा, काखेपर्यंत ओढ यायची, स्कूटीवर स्पीडब्रेकर आला की एका हातानं छाती दाबून धरायची. धाकटा पळत येऊन मिठी मारायला लागला की ही मागं सरकायची आणि मग रात्री त्याचंच वाईट वाटून घ्यायची. पाळी आली की दोन दिवसात सगळं हलकं, जसं काही झालंच नव्हतं.

अडचण नेमकी काय झाली

पहिल्यांदा ती गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडं गेली, आणि म्हणाली, "डॉक्टर, छातीत दुखतंय." झालं. आपल्याकडं छाती म्हणजे हृदयपण आणि छाती म्हणजे स्तनपण, आणि पुरुष डॉक्टरसमोर, बाहेर बाकावर दहा पेशंट बसलेले असताना 'स्तन' हा शब्द तोंडातून निघतच नाही. त्यांनी त्यांच्या परीनं बरोबरच केलं, इसीजी काढला, बीपी बघितलं, सगळं नॉर्मल, ऍसिडिटी असेल म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी पाळी आली आणि दुखणं गेलं. तिला वाटलं गोळ्या लागू पडल्या! पुढच्या महिन्यात परत दुखायला लागल्यावर तिनं त्याच गोळ्या मेडिकलमधून आणल्या, परत पाळी आली, परत बरं वाटलं. महिन्याच्या चक्राबरोबर येणाऱ्या दुखण्यात हा मोठा फसवा प्रकार असतो, कारण काहीही घेतलं तरी आठवड्याभरात ते जाणारच असतं, मग गोळी घ्या, काढा घ्या नाहीतर नुसतं पाणी प्या. सासूबाईंनी, म्हणजे ती ज्यांना आत्या म्हणते त्यांनी, एरंडाचं पान गरम करून शेकायला सांगितलं, त्यानंही 'गुण' आला.

चौथ्या महिन्यात अंघोळ करताना उजव्या बाजूला वरच्या अंगाला, काखेकडं, हाताला काहीतरी लागलं. पाळी सुरू झाल्यापासून बाविसावा दिवस होता, हे आम्हाला नंतर मोजून कळलं. तिनं संध्याकाळी मला फोन केला. "ताई, मला गाठ आलीय, लिंबाएवढी." मी ड्यूटी संपवून घरी आले होते, भाजी फोडणीला टाकलेली, आणि मी म्हणाले, "अगं पाळीच्या आधी होतंच असं, काही नसतं, टेन्शन घेऊ नको." फोन ठेवला.

ही माझी चूक. मी बोलले ते बरोबर निघालं म्हणून ती चूक कमी होत नाही. हात न लावता, तारीख न विचारता, 'पाळी झाल्यावर अमुक दिवशी ये' असं न सांगता मी नुसता धीर दिला, आणि धीर दिलेला माणूस एकतर दुर्लक्ष करतो नाहीतर दुसरीकडं पळतो. ती पळाली. दोन दिवसांनी नवऱ्याला घेऊन परस्पर साताऱ्याला सोनोग्राफी करून आली. रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूला ग्रंथींचा भाग ठळक दिसतोय असं होतं, उजव्या बाजूला घड्याळातल्या दहाच्या काट्याच्या जागी 9 मिलिमीटरची पाण्याची गाठ, आतलं पाणी गढूळ, आणि खाली बायरॅड्स 3, म्हणजे गाठीवर संशय किती ते सांगणारा आकडा. त्या फॉर्मवर शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना होता, तो रिकामाच होता. तिनं सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तर ते म्हणाले, "काढूनच टाकू, मनाला घोर नको." त्याच संध्याकाळी ती माझ्या दारात उभी होती, हातात सोनोग्राफीची फाइल, आणि दाजी मागं गाडीवरच बसलेले, आत यायलाही तयार नव्हते. इतके घाबरलेले.

आत काय चाललेलं असतं

हे तिला मी त्या रात्री ओट्याशी उभं राहून सांगितलं तसंच लिहिते. स्तनात पंधरा-वीस भाग असतात, प्रत्येकात द्राक्षाच्या घडासारख्या बारीक बारीक दूधग्रंथी, त्यांना जोडणाऱ्या नळ्या, आणि मधे चरबी नि आधार देणारं तंतूमय मांस. दर महिन्याला हे सगळं शक्य असलेल्या गरोदरपणाची तयारी करतं. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन चढत जातं, ते मुख्यतः नळ्यांवर काम करतं. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं, मग ग्रंथींच्या पेशी भराभर वाढतात, आजूबाजूच्या तंतूमय भागात पाणी साठतं, रक्तपुरवठा वाढतो. म्हणून पाळीच्या आधीच्या आठवड्यात कपडे घट्ट होतात, हात लागला तरी दुखतं, आणि दाबून बघितलं तर आत दाणे दाणे लागतात. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन खाली येतात, वाढलेल्या पेशी आपोआप मरतात, पाणी उतरतं. पाळी सुरू झाल्यापासून साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात स्तन सगळ्यात मऊ आणि आकारानं सगळ्यात लहान असतो.

आता हे चढणं-उतरणं बाईच्या आयुष्यात शेकडो वेळा होतं आणि दर वेळी सगळं जसंच्या तसं जागेवर येतंच असं नाही. तिशी-चाळिशीत कुठं नळी फुगून पाण्याची बारीक गाठ राहते, कुठं तंतूमय भाग जाडसर राहतो. रिपोर्टवर त्याला फायब्रोसिस्टिक चेंजेस नाहीतर फायब्रोऍडिनोसिस लिहितात आणि तो शब्द वाचूनच निम्म्या बायका रडायला लागतात. 1987 साली कार्डिफच्या ह्यूज, मॅन्सेल आणि वेबस्टर या सर्जन लोकांनी याची नवी मांडणी केली, की यातलं बहुतेक सगळं हा रोग नाहीच, नेहमीच्या वाढीत आणि उतरणीत झालेला थोडाफार फरक आहे. मला ही मांडणी फार महत्त्वाची वाटते, कारण 'तुला रोग झालाय' आणि 'तुझं शरीर जे दर महिन्याला करतं तेच जरा जास्त करतंय' या दोन वाक्यांनी बाईची झोप ठरते.

आणखी एक गोष्ट, जिची पाळी 35 दिवसांनी येते तिनं 'चौदाव्या दिवशी बीज सुटतं' असा हिशोब करू नये. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस साधारण चौदाच असतात, मागेपुढे होतो तो पहिला भाग. म्हणून दुखण्याचे दिवस पुढच्या पाळीपासून मागं मोजायचे आणि तपासणीचा दिवस पाळी सुरू झाल्यापासून पुढं मोजायचा.

समोर कोणते रस्ते होते

सव्विसाव्या दिवशी मी तिला मॅडमकडं नेलं. तोपर्यंत घरात चार मतं झालेली. दाजींचं म्हणणं, सरळ ऑपरेशन करून टाकू, विषय संपवू. आत्यांचं म्हणणं, सुई-बिई काही लावू नका, छेडलं की पसरतं. हा समज इतका खोल आहे की तो आम्हाला आठवड्यातून दोनदा तरी खोडायला लागतो, सुईनं तपासल्यामुळं कॅन्सर पसरतो म्हणून तपास टाळायचा, हे चूक आहे. तिचं स्वतःचं म्हणणं, आत्ता उद्याच्या उद्या बायोप्सी करा. आणि माझ्या मनात, पाळी होऊ दे मग बघू.

मॅडमनी यातलं काहीच लगेच केलं नाही. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" चार महिन्यात हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. तिला तारीख आठवेना. मग घरी फोन लावला, मोठ्या मुलीला सांगितलं की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा फोटो पाठव. फोटोत दुधाचे अर्धा-अर्धा लिटर, गॅस सिलिंडर कधी लावला ते, भिशीचे पैसे, आणि त्यात एका चौकटीच्या कोपऱ्यात बॉलपेनचा एवढासा टिंब. तो टिंब म्हणजे पाळी, मुलांनी विचारू नये म्हणून टिंब. मागचे तीन महिने उलटून टिंब बघितले आणि त्यावरून दुखण्याचे दिवस लावले तर सगळे टिंबाच्या आधीचेच.

पण मॅडम तारखेवर थांबल्या नाहीत, आणि मला या प्रकरणातला हा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. त्यांनी त्याच दिवशी तपासलं. आधी बसवून, हात खाली, मग हात वर, त्वचेला कुठं खळी पडतेय का, बोंडशी आत ओढलीय का, बोंडशीतून पाणी-रक्त काही येतंय का. मग झोपवून, हात डोक्याखाली घेऊन, बोटांच्या पेरांनी हळूहळू सगळीकडं, शेवटी दोन्ही काखा आणि गळ्याचं हाड. तिला लिंबाएवढी वाटत होती ती जागा त्यांना लागली, पण तिला कडा नव्हती, ती भोवतालच्या मांसात मिसळत होती. मग त्यांनी तिचाच हात धरून डाव्या बाजूला तशाच जागी ठेवला. "इथं काय लागतंय?" ती गप्प. मग म्हणाली, "इथंपण तसंच आहे." डावी बाजू तिनं इतक्या दिवसात एकदाही बघितली नव्हती! मॅडम म्हणाल्या, "हाताला भिजवलेल्या शाबूसारखं लागतंय ना, मोकळं मोकळं? दोन्हीकडं सारखंच आहे. दगडासारखी एकच, एका जागी घट्ट बसलेली असती तर मी तारीख बघत बसले नसते, आजच सुई लावली असती."

तिला हाताला जे लागत होतं ते फुगलेलं मांस होतं आणि रिपोर्टमध्ये जी होती ती 9 मिलिमीटरची पाण्याची गाठ, दोन्ही एकच नव्हे. एवढं कळल्यावर दाजींचा चेहरा जरा सैल झाला. बायरॅड्स 3 म्हणजे 'बहुतेक साधीच' असा गट, त्यात कॅन्सर निघायची शक्यता 2 टक्क्यांहून कमी असते आणि नियमानं सहा महिन्यांनी परत फोटो काढतात. लगेच कापाकापी त्यात बसत नाही. मौशीचंही विचारलं, एकटी मौशी, तीही पाळी गेल्यानंतर झालेला, आई-बहिणीत कुणाला नाही, अंडाशयाचा कॅन्सर कुणाला नाही. आईला किंवा बहिणीला कमी वयात झालेला असता तर सगळा हिशोब वेगळा झाला असता.

मग ठरलं, थांबायचं, पण तारीख लावून. पाळी आल्यापासून आठव्या दिवशी परत तपासणी आणि त्याच दिवशी त्याच जागेची सोनोग्राफी. मॅडमनी पेपरवर लिहिलं, 'पाळी आली की फोन करणे, दिवस 8 ची वेळ घेणे', आणि खाली माझा नंबर लिहिला. तोवर पाळी लांबली तर लघवीची तपासणी करायची, कारण तांबी असली तरी गरोदरपणातही छाती अशीच भरून येते. आणि कितीही गाठ जाणवली तरी दिवसातून पाच-सहा वेळा चाचपायचं बंद, कारण ती अंघोळीला, बाथरूमला, झोपताना सारखी दाबून बघत होती आणि त्यानंच निम्मं ठणकत होतं.

काय केलं आणि काय झालं

पाळी दोन दिवसांनी आली. मधले आठ-नऊ दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहिती, रोज रात्री मेसेज असायचा, मी रोज उत्तर दिलं, आधी न दिलेलं सगळं भरून काढल्यासारखं. आठव्या दिवशी ती टेबलावर झोपली आणि मॅडम दोन-तीन मिनिटं नुसत्या तपासत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तूच शोध, कुठंय ती?" तिनं शोधली. सापडेना. परत शोधली. लिंबाएवढी जागा मऊ पडलेली, थोडं जाडसर लागत होतं तेवढंच, डावीकडंही तसंच. सोनोग्राफीत पाण्याची गाठ 6 मिलिमीटरवर आलेली, पाणी स्वच्छ, कडा पातळ, बायरॅड्स 2, म्हणजे साधीच गाठ. फॉर्मवर यावेळी मी स्वतः तारीख लिहून दिली होती.

गाठीचा विषय तिथं मिटला, दुखणं अजून होतंच. त्यासाठी मॅडमनी दोन महिने डायरी ठेवायला सांगितली. तिनं वेगळी डायरी नको म्हणून तेच कॅलेंडर वापरलं, जास्त दुखलं की चौकटीचा कोपरा पूर्ण रंगवायचा, थोडं दुखलं की अर्धा, नाही दुखलं तर कोरा. दोन महिन्यांनी ते पान बघितलं तर पंधराव्या-सोळाव्या दिवसापासून निळं चढत गेलेलं आणि टिंबाशी येऊन थांबलेलं. कुणी न सांगताही कळावं इतकं स्पष्ट.

उपायांमध्ये पहिला होता ब्रा. ती सहा वर्षं 34 नंबर घेत होती, इलॅस्टिक सैल पडलेलं, आतल्या खोलीत टेप लावून मी मोजलं तर 36 निघाला. पाळीच्या आधीच्या दहा दिवसात स्कूटीवर जाताना स्पोर्ट्स ब्रा, रात्री झोपताना मऊ सैल ब्रा. जास्त ठणका असेल त्या दिवशी डायक्लोफेनॅक जेल वरून लावायचं. प्रिमरोझच्या (एका फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या) कॅप्सूल तिनं आधीच मेडिकलमधून आणून ठेवल्या होत्या, मॅडमनी सांगितलं की घेतल्यास तर बहुधा नुकसान नाही पण त्यांचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही, पैसे वाचव. अगदीच सहन होईना तर सेंटक्रोमॅनचा पर्याय होता, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली आपल्याकडची बिगर-हार्मोनची गोळी, सहेली आणि सरकारी दवाखान्यात छाया नावानं मिळते ती, मूळ कुटुंबनियोजनाची पण छातीच्या दुखण्यालाही भारतात बरेच सर्जन देतात. तिनं पाळी मागंपुढं होते म्हणून आत्ता नको म्हटलं, आणि मॅडमनीही आग्रह केला नाही, कारण गोळीची गरज दुखण्यापेक्षा भीतीला जास्त होती आणि भीती उतरलेली. टॅमॉक्सिफेन, डॅनाझॉल अशी जड औषधं तर फारच कमी जणींना लागतात.

तिसऱ्या महिन्यात पूर्ण रंगवलेले कोपरे अकरावरून चारवर आले, अर्धे होतेच. दुखणं पूर्ण गेलेलं नाही आणि जाईल असं आम्ही तिला सांगितलेलंही नाही. सहा महिन्यांनी आठव्या दिवशी परत हातानं तपासलं, नवीन काही नाही.

परत अशी वेळ आली तर

पहिली गोष्ट शब्दाची. मी आता ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकीला, छातीत दुखतं म्हणाली की हात दाखवून विचारते, आत धडधडतं तिथं की अंगावर पाजतो तिथं? एवढं विचारलं की चटकन सांगतात. आणि आपण बायकांनीही 'स्तनात दुखतंय' नाहीतर निदान 'दूध पाजतो तिथं दुखतंय' एवढं म्हणायला शिकावं, नाहीतर लाजेपायी तपास इसीजीच्या पट्टीवरच अडकतो आणि महिने जातात. तिचे चार गेले. तिचं नशीब की आत काही वाईट नव्हतं.

दुसरं, सोनोग्राफी आधी आणि तपासणी नंतर, हा उलटा क्रम. हाताला गाठ लागली असेल तर आधी जाणत्या हातानं तपासणं, मग वयाप्रमाणे सोनोग्राफी किंवा चाळिशीनंतर मॅमोग्राफीसुद्धा, आणि लागली तर सुई. संशय फार नसेल तेव्हा फोटो पाळीनंतरच्या आठवड्यात काढला तर वाचायला सोपा जातो, एमआरआय तर शक्यतो सातव्या ते चौदाव्या दिवसातच ठेवतात कारण नंतर एमआरआयसाठी शिरेतून दिलेलं औषध साधं मांसही शोषतं आणि फोटोत चमकतं. पण संशय असेल तर तारखेची वाट बघायची नाही. पाळी होऊन गेल्यावरही तिथंच असलेली गाठ, एकाच बाजूची टणक, न हलणारी, त्वचेवर खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखं, बोंडशीतून आपोआप रक्त, काखेत गाठ, किंवा पाळी कायमची गेल्यावर आलेली कुठलीही नवीन गाठ, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवायचं. आणि दुखत नाही म्हणून सोडायची तर मुळीच नाही, कॅन्सरची गाठ बऱ्याचदा दुखतच नाही.

तिसरं, घरी तपासण्याबद्दल मॅडमशी माझं थोडं बोलणं झालं. मला वाटायचं जितकं जास्त तपासाल तितकं चांगलं. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या 2,66,064 बायकांवर मोठा अभ्यास झाला होता, 2002 मध्ये निकाल आला, निम्म्या जणींना स्वतः तपासायला नीट शिकवलं होतं, तरी मृत्यू कमी झाले नाहीत, उलट साध्या गाठींच्या बायोप्सी वाढल्या. दुसरीकडं मुंबईत टाटा मेमोरियलनं दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं केलेल्या अभ्यासात, 2021 मध्ये छापून आला तो, शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं तर कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्यानं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. म्हणून मी आता असं सांगते, आपली छाती कशी लागते ते माहिती असू द्या, पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात महिन्यातून एकदा हात फिरवा, आणि तिशीनंतर उपकेंद्रात नर्सताई फुकट तपासून देतात तिथं जा.

आणि माझं स्वतःचं. 'काही नसतं' हे वाक्य मी फोनवर आता वापरत नाही. शेवटची पाळी कधी, गाठ एकीकडं की दोन्हीकडं, बोंडशीतून काही येतंय का, एवढं विचारते आणि फोन ठेवायच्या आधी यायचा दिवस ठरवते. पाळी झाली आणि ती त्या दिवशी आली नाही तर मी फोन करते, वहीत लिहून ठेवलेलं असतं.

गेल्या आठवड्यात तिच्या नणंदेचा मेसेज आला, मी तिला कधी भेटलेलेही नाही. लिहिलं होतं, "ताई, वहिनीनं नंबर दिला. डाव्या बाजूला गाठ लागतेय. आज पाळीचा सहावा दिवस आहे. परवा कितीला येऊ?"